जुनाट ॲसिड रिफ्लक्स : रुग्णपुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

२ जून

कामाची चौकट ठरली. छोटी पुस्तिका, महिनोन्‌महिने रिफ्लक्सचा त्रास असलेल्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी. मजकूर माझ्याकडे, वैद्यकीय तपासणी पोटविकारतज्ज्ञांकडे (यापुढे नुसतं 'डॉक्टर'), चित्रं आमच्या चित्रकर्तीकडे. एखाद्या रात्री जेवण जास्त झालं आणि छातीत जळजळलं, एवढ्यापुरता हा उद्योग नाही. ते कुणालाही होतं.

आजार कधी म्हणायचं यासाठी २००६ ची माँट्रियल व्याख्या (आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेली) धरली आहे: जठरातलं अन्ननलिकेत वर येऊन माणसाला जाचक लक्षणं किंवा गुंतागुंत होऊ लागली, तर तो आजार. जाचक म्हणजे साधारण किती, तर सौम्य त्रास आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस. मध्यम किंवा तीव्र असेल तर एकाहून जास्त दिवस. आम्ल जास्त तयार होतं, असं या व्याख्येत कुठेही म्हटलेलं नाही. पहिल्या पानावर हेच यायला हवं, कारण रुग्ण येतो तोच मुळी 'माझ्या पोटात ॲसिड फार होतं' असं म्हणत.

५ जून

यंत्रणेचं प्रकरण. बहुतेक रुग्णांच्या जठरात आम्ल चारचौघांइतकंच तयार होतं. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दीड-दोनच्या आसपास, आणि जठराच्या आत ते असायलाच हवं. जठराला स्वतःचं अस्तर आहे: चिकट श्लेष्मा आणि त्याखाली बायकार्बोनेट. अन्ननलिकेला तसलं संरक्षण नाही. म्हणजे आम्ल किती आहे यापेक्षा ते कुठे आहे आणि तिथे किती वेळ टिकतं, हा खरा प्रश्न. पुस्तिकेचा कणा हाच ठेवणार.

दोघांच्या मध्ये तीन-चार सेंटिमीटरचा स्नायूंचा पट्टा आहे. एरवी तो आवळलेला असतो, दाब साधारण १० ते ३० मि.मी. पाऱ्याइतका. शिवाय श्वासपटलाचे तंतू बाहेरून त्याच जागी वेढा घालतात, म्हणून खोकताना किंवा वाकताना पोटातला दाब वाढला तरी दार तग धरतं. हायटस हर्नियामध्ये जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीकडे सरकतो आणि हे दोन वेढे एकमेकांपासून सुटतात. आतला पट्टा वर, बाहेरचा खाली. मधल्या जागेत आम्ल साचतं आणि पुढच्याच गिळण्याला वर उसळतं.

मात्र डॉक्टरांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं: झडप कायमची सैल पडली आहे, असं फार थोड्या लोकांत असतं. बहुतेक वेळा आम्ल वर येतं ते पट्टा काही सेकंद आपोआप ढिला पडतो तेव्हा. काही गिळलेलं नसताना. जठर ताणलं की मेंदूकडे निरोप जातो आणि दार उघडतं. ढेकर बाहेर पडावी म्हणून ही सोय आहे आणि ती निरोगी माणसातही चालूच असते. रुग्णात फरक एवढाच, की वाऱ्याबरोबर आम्लही येण्याचं प्रमाण जास्त. पोटाला तडस लागेपर्यंत जेवू नका, हा सल्ला इथून येतो. तो पथ्याच्या यादीत न टाकता या परिच्छेदालाच जोडायचा.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार आवडली. जेवणानंतर अन्नामुळे जठरातलं आम्ल सौम्य होतं, मग जळजळ नेमकी जेवणानंतरच का? ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की अन्नात न मिसळलेल्या तीव्र आम्लाचा एक थर वरच्या बाजूला, थेट दाराखाली जमून राहतो. सगळं जठर शांत आणि नेमका उंबरठाच तेवढा आंबट. हे पुस्तिकेत जाणारच, जागा कमी पडली तर दुसरं काहीतरी कापू.

६ जून

पहिलं चित्र आलं. चित्रकर्तीने बिजागरीचं दार काढलं होतं, ते परत पाठवलं. पट्टा आणि श्वासपटल वेगवेगळ्या रंगांत हवेत, शेजारी हर्नियाचं चित्र त्याच रंगांत. बाण फार नकोत.

११ जून

आज वाचलेलं पचवायला वेळ लागला. आम्ल वरून पडतं, कातडी भाजावी तसं आतलं अस्तर पृष्ठभागापासून खाली जळत जातं, अशी समजूत कित्येक दशकं होती. डॅलसच्या गटाने २०१६ मध्ये बारा रुग्णांचा अभ्यास छापला. या सगळ्यांची अन्ननलिकेची सूज आम्ल कमी करणाऱ्या औषधाने बरी झालेली होती. औषध थांबवलं, आणि पहिल्या व दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी अस्तराचे नमुने घेऊन पाहिले. वरून जळत गेलं असतं तर आधी पृष्ठभागाच्या पेशी मरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पृष्ठभाग बराचसा शाबूत, आणि खालच्या थरांत लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी. म्हणजे आम्लाच्या चिथावणीने शरीराची स्वतःची दाहाची प्रतिक्रिया उठते आणि नुकसान आतून सुरू होतं. रुग्ण बाराच, त्यामुळे यावर इमले बांधायचे नाहीत. तरी 'ॲसिडने आतून भाजून निघालंय' हे वाक्य कच्च्या मसुद्यातून काढून टाकलं.

१६ जून

निदानाचं प्रकरण. दिवसभर हेच.

छातीच्या मध्यभागी जळजळ आणि तोंडाशी आंबट-कडू पाणी येणं ही दोन ठळक लक्षणं असतील आणि धोक्याची खूण नसेल, तर तपासणीविना आठ आठवडे आम्ल कमी करणारं औषध देऊन पाहणं ही मान्य पद्धत आहे. उतार पडला नाही किंवा औषध थांबवताच पुन्हा उलटलं, तर एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून तपासणी. ती शक्यतो दोन ते चार आठवडे औषध बंद ठेवून करायची, नाहीतर बऱ्या झालेल्या अस्तराचा फोटो मिळतो आणि आजार नाहीच असा अर्थ निघतो. हे रुग्णाला कुणी सांगत नाही, म्हणून ठळक अक्षरांत. औषध बंद ठेवायचं की नाही हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचं, तेही ठळक.

डॉक्टरांनी नावं झाकून काही फोटो दाखवले. अन्ननलिकेचा गुलाबी बोगदा, त्यात उभ्या घड्या, आणि घडीच्या माथ्यावर नखाने ओढल्यासारखी तांबडी रेघ. रेघ ५ मि.मी.पर्यंत असेल तर लॉस एंजेलिस प्रतवारीत 'ए', त्याहून लांब तर 'बी'. एका घडीच्या माथ्यावरून दुसरीवर पसरली की 'सी'. घेराचा तीन-चतुर्थांश किंवा जास्त भाग व्यापला की 'डी'. 'ए' निरोगी माणसातही सापडते, म्हणून तिच्यावरून शिक्का मारत नाहीत. लिऑन सहमतीच्या (रिफ्लक्सच्या निदानाचे तज्ज्ञांनी ठरवलेले निकष) नव्या आवृत्तीत 'बी'पासून पुढे आजार पक्का धरतात. आणि ठळक लक्षणं असणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची एंडोस्कोपी अगदी स्वच्छ येते! रिपोर्ट नॉर्मल म्हणजे 'मनाचे खेळ', असं घरात बोललं जातं. त्या वाक्याला उत्तर देणारी चौकट हवी.

स्वच्छ एंडोस्कोपीनंतरची पायरी म्हणजे पीएच मापन. नाकातून बारीक नळी घालून २४ तास, किंवा अन्ननलिकेला चिकटवलेली छोटी बिनतारी कुपी वापरून ९६ तासांपर्यंत. कुपी पुढे आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते. एक आलेख समोर ठेवून बसलो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर पीएच. रेषा सहाच्या आसपास चाललेली, मग एकदम कड्यावरून पडावी तशी दोनवर, आणि मग पायऱ्या-पायऱ्यांनी वर: प्रत्येक पायरी म्हणजे एक गिळणं. लाळेतलं बायकार्बोनेट थोडं-थोडं आम्ल मारत नेतं. दिवसाच्या घसरणी पुष्कळ, पण अरुंद. रात्री अडीचच्या सुमाराला एकच घसरण होती, आणि ती संपेचना. झोपेत माणूस फारसं गिळत नाही, लाळही जवळपास आटते, पायऱ्या येणार कुठून? डॉक्टर म्हणाले, 'जे काय समजवायचंय ते हा आलेखच समजावतो, तुम्ही कमी लिहा.'

पीएच चारच्या खाली असलेला एकूण वेळ मोजतात. दिवसाच्या ४ टक्क्यांहून कमी (सुमारे ५८ मिनिटं) म्हणजे ठीक, ६ टक्क्यांहून जास्त (सुमारे ८६ मिनिटं) म्हणजे रिफ्लक्स पक्का. मधला पट्टा संदिग्ध. थोडं आम्ल रोज वर येणं सगळ्यांच्या नशिबी आहे, हे या आकड्यांतून आपोआप कळतं.

१७ जून

धोक्याच्या खुणा, पान २ वर, चौकटीत: घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी किंवा काळी शी, रक्तक्षय, सतत उलट्या. यांपैकी काही असेल तर आठ आठवडे वाट पाहायची नाही. छातीत दुखतंय आणि ते हात, जबडा किंवा पाठीकडे जातंय, घाम फुटलाय, धाप लागतेय, तर आधी हृदय. 'ॲसिडिटीच असेल' म्हणून घरी थांबायचं नाही.

२३ जून

गोळ्या. इथे सगळ्यात जास्त लिहिण्यासारखं आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळही.

थोडा इतिहास, एका परिच्छेदापुरता. सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आलं. त्यामागच्या कामाचा वाटा धरून जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ओमेप्राझोल बाजारात उतरलं. पहिल्या गटातली औषधं हिस्टामिनचा निरोप अडवतात. आम्ल कमी होतं, पण रोज घेतली की आठवड्या-दोन आठवड्यांत असर ओसरायला लागतो. दुसरा गट, म्हणजे ओमेप्राझोलसारखे पीपीआय (प्रोटॉन पंप इनहिबिटर), जठराच्या पेशींतला आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद पाडतो.

आता मुद्द्याचं. पीपीआयची गोळी पोटात जाऊन तिथलं आम्ल मारत नाही. उलट आम्लाने ती नासू नये म्हणून तिच्यावर किंवा आतल्या दाण्यांवर लेप असतो, आणि म्हणून ती चावायची-कुटायची नसते. लेप आतड्यात विरघळतो, औषध रक्तात उतरतं, रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत पोहोचतं, आणि तिथे पंप चालू असेल तरच त्याला जाऊन चिकटतं. पंप चालू होतात जेवणाने. रक्तात औषध टिकतं थोडेच तास. म्हणून न्याहारीच्या ३० ते ६० मिनिटं आधी. रात्री झोपताना, भरल्या पोटावर, किंवा जळजळ उठल्यावर घेतली तर औषध आणि चालू पंप यांची गाठ नीट पडत नाही. पहिल्याच दिवशी आराम पडला नाही म्हणून सोडायची नाही, पूर्ण जोर यायला तीन ते पाच दिवस लागतात.

हे वाचून कुणी म्हणेल, वेळेचा एवढा बाऊ कशाला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधली २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी त्यासाठी ठेवली आहे. 'पीपीआयला दाद देत नाही' म्हणून ३६६ जण पाठवले गेले होते. आधी सगळ्यांना दोन आठवडे ओमेप्राझोल दिवसातून दोनदा, कसं घ्यायचं ते नीट समजावून. तेवढ्यावरच ४२ जणांची जळजळ गेली. या चाचणीचा उरलेला भाग पुढच्या प्रकरणात.

सगळ्याच गोळ्यांना वेळेचं हे बंधन नाही, याची एक ओळ: व्होनोप्राझान (जपानमध्ये २०१४, अमेरिकेत या आजारासाठी २०२३ अखेर) वेगळ्या पद्धतीने पंप अडवतं आणि जेवणाशी त्याची सांगड घालावी लागत नाही. अल्जिनेटचं द्रावण तर आम्ल कमी करण्याच्या भानगडीतच पडत नाही. आम्लाशी गाठ पडली की त्याचा घट्टसर तराफा होतो आणि तो जेवणानंतरच्या त्या वरच्या थरावर तरंगत दार झाकतो. ५ जूनच्या ग्लासगोच्या परिच्छेदाशी हे छान जुळतं.

२७ जून

पथ्य. माझ्याकडे जमलेली जुनी पत्रकं म्हणजे मनाईच्या लांबलचक याद्या. कॉफी नको, चॉकलेट नको, पुदिना नको, आंबट नको, तिखट नको. आहारतज्ज्ञांशी तासभर बोललो. त्यांचं म्हणणं, अशा यादीने माणूस आधी जेवायला घाबरतो आणि मग यादी फेकून देतो. २००६ च्या एका आढाव्यातही, पदार्थ सोडल्याने आजार सुधारतो याचा भक्कम पुरावा सापडला नव्हता. वजन उतरवणं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं आणि डाव्या कुशीवर झोपणं यांचा मात्र उपयोग दिसला होता. म्हणून पानाचा क्रम उलटा: आधी वजन (जास्त असेल तर), मग झोप, मग जेवण आणि आडवं होणं यांतलं दोन-तीन तासांचं अंतर, मग सिगारेट. पदार्थ सगळ्यात शेवटी, आणि तेही 'ज्याने तुम्हाला दरवेळी त्रास होतो तेवढाच सोडा' इतकंच.

पलंग उंच करणं म्हणजे उशा रचणं नव्हे. उशांनी मान वर जाते, कंबरेत वाकल्यामुळे पोट दाबलं जातं. डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सें.मी.चे ठोकळे, किंवा पाठीपासून चढत जाणारी उतरती गादी. डावी कूस का, तर त्या बाजूला जठराचा फुगीर भाग दारापेक्षा खाली राहतो. ॲम्स्टरडॅमच्या २०२२ च्या अभ्यासात अन्ननलिकेतून आम्ल निघून जायला डाव्या कुशीवर साधारण ३५ सेकंद लागले, उताणं ७६, उजवीकडे ९०. फुकटचा उपाय आहे, चित्र मोठं हवं.

३० जून

घसा, खोकला, आवाज बसणं यावर अर्धं पानच. घशाचं प्रत्येक दुखणं रिफ्लक्सच्या नावावर खपवलं जातं. ब्रिटनमधली २०२१ ची ३४६ जणांची चाचणी: घशाच्या टिकून राहिलेल्या तक्रारींवर लॅन्सोप्राझोल (एक पीपीआय) आणि नकली गोळी यांत फरक पडला नाही. जळजळ नसताना नुसत्या घशासाठी महिनोन्‌महिने गोळी चालू असेल, तर आधी मोजमाप करून घ्या, एवढंच लिहिलं.

४ जुलै

गोळी सोडण्याविषयी. दोन भीती आहेत आणि दोन्हींची दिशा उलटी.

पहिली, गोळी सुटतच नाही. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये १२० निरोगी माणसांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना आठ आठवडे खरी गोळी आणि पुढे चार आठवडे नकली. अर्ध्यांना बाराही आठवडे नकली. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळीसारखा त्रास झाला, दुसऱ्यातल्या १५ टक्क्यांना. ज्यांना आजारच नव्हता त्यांना! पंप दबलेले असताना शरीर गॅस्ट्रिन (आम्ल तयार करायला लावणारं संप्रेरक) वाढवतं, गोळी थांबली की तो सगळा जोर एकदम मोकळा होतो. म्हणून पहिले काही आठवडे उलटलेला त्रास म्हणजे आजार परतला असंच नाही. मात्रा हळूहळू कमी करणं, मधल्या काळात अल्जिनेट किंवा अँटासिड हाताशी ठेवणं, हे डॉक्टरांशी बोलून.

दुसरी भीती, गोळीने हाडं, मूत्रपिंड, स्मरणशक्ती जाते. निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत असे संबंध दिसले आहेत, पण गोळ्या घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात. चिठ्ठी टाकून गट पाडलेल्या, १७ हजारांहून जास्त लोकांच्या २०१९ च्या चाचणीत तीनेक वर्षांत पॅन्टोप्राझोलच्या (हाही पीपीआय) गटात ठळकपणे वाढले ते फक्त आतड्यांचे संसर्ग: १.४ टक्के विरुद्ध १.० टक्का. तीन वर्षं म्हणजे वीस वर्षं नव्हेत, हेही लिहायचं. गरज नसेल तर गोळी नको, गरज असेल तर घाबरून सोडायची नाही. प्रतवारी 'सी' किंवा 'डी' असलेले, बॅरेट (अन्ननलिकेचं अस्तर बदलणं, पुढे येईल) असलेले, आणि ॲस्पिरिनसारख्या औषधांपासून पोट सांभाळायला गोळी घेणारे, यांनी परस्पर बंद करायची नाही.

९ जुलै

सांगितलं तशी घेऊनही गोळी लागू पडत नाही, तेव्हा? सर्रास होतं ते असं: एकाच्या दोन, दोनच्या चार, मग दुसरी कंपनी. माझं मत मी मसुद्यात स्पष्ट ठेवलं आहे आणि डॉक्टरांनी ते राहू दिलं: दुप्पट मात्रेनेही फरक पडत नसेल तर निदान पुन्हा तपासायचं.

माजी सैनिकांच्या चाचणीकडे परत. ३६६ पैकी ९९ जणांची जळजळ तपासण्यांनंतर रिफ्लक्सची निघालीच नाही. अस्तर ठीक, आम्लाचा वेळ ठीक, आणि जळजळ मात्र खरी. अन्ननलिकेच्या नसा हळव्या झालेल्या असतात. तिथे आम्लाची गोळी काय करणार? कमी मात्रेत नैराश्यावरची काही औषधं, पोटाने श्वास घेण्याचा सराव, मानसोपचारातल्या काही पद्धती यांचा उपयोग होतो. आणखी २३ जणांना अन्ननलिकेचेच दुसरे आजार निघाले. पुढे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यापर्यंत पोहोचले अवघे ७८. त्यांत शस्त्रक्रियेने ६७ टक्क्यांना उतार, वाढीव औषधांनी २८ टक्क्यांना, तुलनेच्या गटात १२ टक्क्यांना. चाळणी कडक लावली की शस्त्रक्रिया कुणाला द्यायची हे नेमकं सापडतं, हा माझा त्यातून घेतलेला अर्थ.

१४ जुलै

शस्त्रक्रिया. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये मांडलेली पद्धत अजून चालते: जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण गुंडाळायचा. आता दुर्बिणीतून करतात, काही ठिकाणी पूर्ण वेढ्याऐवजी २७० अंशांचा. युरोपात गोळी आणि शस्त्रक्रिया यांची पाच वर्षं तुलना केली, तेव्हा गोळीच्या गटात ९२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ८५ टक्के लोक आजारमुक्त राहिले. अर्थात हे सगळे गोळीला दाद देणारेच होते. दार घट्ट केल्यावर ढेकर अडते, पोट फुगतं, काहींना घास अडकतो. हे आधी सांगितलं पाहिजे, 'एकदाचं ऑपरेशन करून मोकळं व्हावं' म्हणणाऱ्याला तर नक्कीच.

बॅरेटविषयी चार वाक्यं. वर्षानुवर्षांच्या रिफ्लक्सने काहींच्या अन्ननलिकेचं खालचं अस्तर आतड्यासारखं होतं. त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो, पण पेशींत बिघाड दिसत नसेल तर वर्षाला हजारात पाचाहूनही कमी. ठरलेल्या अंतराने एंडोस्कोपी करत राहायची. पाच वर्षांहून जुना त्रास, पन्नाशीपुढचे पुरुष, सुटलेलं पोट, धूम्रपान, घरात कुणाला तो कर्करोग, अशी कारणं जमली असतील तर डॉक्टरांना आपणहून विचारायचं.

१८ जुलै

शेवटच्या पानावरची रोजनिशी काही रुग्णांना भरायला दिली होती, ती परत आली. 'काय खाल्लं' हा रकाना काठोकाठ भरलेला, एकाने तर समासातही लिहिलंय. 'गोळी किती वाजता' आणि 'आडवे किती वाजता' हे रकाने जवळजवळ कोरे. रकान्यांचा क्रम बदलला: गोळीची वेळ, न्याहारीची वेळ, शेवटचं जेवण, आडवं होण्याची वेळ, रात्री जाग आली का. खाण्यासाठी शेवटी एक अरुंद ओळ.

एका बाईंनी पेन्सिलीने विचारलंय, रात्रपाळी असेल तर न्याहारी कोणती धरायची. चांगला प्रश्न. डॉक्टरांचं उत्तर: झोपून उठल्यानंतरचं पहिलं जेवण, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. गोळ्यांच्या प्रकरणात ते घातलं. आलेखाचं चित्र अजून यायचंय; आलं की फाइल छपाईला.